राज्यपालांच्या अंगणाखालील तेरा खोल्या

मलबार टेकडी समुद्रात शिरून जेथे संपते, तेथे महाराष्ट्राच्या राज्यपालांचे निवासस्थान आहे. तिन्ही बाजूंना पाणी आणि वाळकेश्वरकडून येणारा एकच रस्ता. या रस्त्याने आपल्या समाजातील कितीतरी कुटुंबे वर्षानुवर्षे येतात, ती बाबू अमीचंद पनालाल आदीश्वरजी मंदिरात दर्शनासाठी. १९०४ साली उभारलेल्या या मंदिरापासून थोडे पुढे गेले की राजभवनाचे फाटक आणि पहारेकरी दिसतात. बहुतेक गाड्या तेथूनच मागे वळतात. फाटकापलीकडे जमिनीच्या पोटात एक संग्रहालय आहे आणि त्यातील एका कथेचे मूळ चिंचवडच्या वाड्यात आहे, हे पिंपरी-चिंचवडमधून आलेल्या यात्रेकरूंपैकी थोड्यांनाच ठाऊक असते.

हे तळघर सापडले, त्याला फार वर्षे झालेली नाहीत. राजभवनाच्या आवारात एक भुयार असल्याचे जुन्या माणसांकडून ऐकून तत्कालीन राज्यपाल चे. विद्यासागर राव यांनी ते उघडण्यास सांगितले. १२ ऑगस्ट २०१६ रोजी सार्वजनिक बांधकाम विभागाच्या लोकांनी पूर्वेकडील प्रवेशमार्ग बुजवणारी भिंत फोडली. एखादा अरुंद बोगदा लागेल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात लांबच लांब मार्गिका आणि तिच्या दोन्ही अंगांना लहानमोठ्या तेरा खोल्या निघाल्या. पश्चिमेच्या बाजूस सुमारे वीस फूट उंचीचे प्रवेशद्वार आणि उतार होता. हवा व प्रकाश आत येण्याची सोय शाबूत होती, सांडपाण्याच्या नाल्याही शाबूत होत्या. स्वातंत्र्यानंतर ही जागा बंद झाली ती झालीच. वर राज्यपाल येत राहिले, जात राहिले. शपथविधी झाले, मेजवान्या झाल्या आणि खाली सुमारे सात दशके काळोख होता.

खोल्यांवरील इंग्रजी नावे वाचता येत होती. तोफगोळ्यांचे कोठार, काडतुसांचे कोठार, गोळे वर चढवण्याचा पाळणा, पंप, मध्यवर्ती तोफखाना, कार्यशाळा. या नावांवरूनच रचना समजते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बंदरांच्या रक्षणासाठी किनाऱ्यावर तोफा बसवल्या जात. तोफ वर उघड्यावर आणि दारूगोळा खाली जमिनीत, म्हणजे शत्रूच्या जहाजाचा गोळा पडला तरी साठ्याला आग लागू नये. गोळे आणि ते उडवणारी दारू कधीही एका खोलीत ठेवत नसत. अशा कोठारांत दिवासुद्धा आत नेत नसत. तो भिंतीपलीकडच्या वेगळ्या वाटेत, काचेआड ठेवला जाई. बँकेतील तिजोरीची खोली ज्यांनी सांभाळली आहे, त्यांना ही शिस्त लगेच ओळखीची वाटेल. एक किल्ली एकाकडे, दुसरी दुसऱ्याकडे आणि दोघे एकत्र आल्याशिवाय काहीच उघडायचे नाही. जेथे धोका मोठा असतो तेथे माणसाच्या शहाणपणापेक्षा भिंतीवर अधिक विसंबतात. राजभवनाच्या आवारात पुढे दोन जुन्या तोफाही मिळाल्या, प्रत्येकी सुमारे बावीस टन वजनाच्या. त्या पाहिल्या म्हणजे त्यांचे गोळे चढवायला पाळणा का लागत असे, ते सांगावे लागत नाही.

या जागेत संग्रहालय करण्याचे ठरले आणि १८ ऑगस्ट २०१९ रोजी राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. त्यानंतर १४ जून २०२२ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी त्याच तळघरात ‘क्रांतिगाथा’ या दालनाचे उद्घाटन केले. महाराष्ट्रातील सशस्त्र क्रांतिकारकांचे हे दालन आहे. वासुदेव बळवंत फडके, चापेकर बंधू, सावरकर बंधू, मादाम कामा यांच्यापासून १९४६ सालच्या नौसैनिकांच्या उठावापर्यंतचा पट तेथे मांडलेला आहे. ज्या कोठारात साम्राज्याचा दारूगोळा होता, त्याच कोठारात साम्राज्याने फासावर चढवलेल्यांची आठवण ठेवली आहे. यातील विरोधाभास कोणाच्याही ध्यानात येईल. चिंचवडच्या माणसाला मात्र त्याखाली आणखी एक थर दिसतो. तो पाहण्यासाठी १८९७ सालात आणि पुण्याच्या गणेशखिंडीत जावे लागते.

मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरांची घरे एकाहून अधिक होती. जुने घर परळला होते. १८८०नंतर थोड्याच वर्षांत गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांच्या पत्नी पटकीने दगावल्या. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयाला ज्यांचे नाव आहे तेच हे गव्हर्नर. परळची हवा रोगट झाली होती. १८८५ मध्ये गव्हर्नरांचा मुक्काम मलबार पॉइंटला हलला. पावसाळ्यात ते पुण्यास येत. त्यासाठी गणेशखिंडीत १८६४ मध्ये एक भव्य प्रासाद बांधायला घेतला गेला आणि तो १८७१ मध्ये पूर्ण झाला. आज तीच सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत आहे. तिच्याखालीही एक भुयार आहे. मात्र त्यात दारूगोळा नव्हता. स्वयंपाकघरातील ताटे घेऊन नोकरांनी पाहुण्यांच्या नजरेस न पडता भोजनगृहापर्यंत यावे, एवढ्यासाठी ते खोदलेले होते. मलबार पॉइंटचे तळघर साम्राज्याची भीती सांगते, गणेशखिंडीचे त्याचा थाट सांगते.

२२ जून १८९७ रोजी याच गणेशखिंडीच्या प्रासादात गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्याकडे राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा समारंभ होता. टेकड्यांवर होळ्या पेटवल्या होत्या. खाली शहरात मात्र त्या वर्षी कितीतरी घरे प्लेगने उजाड केली होती. मध्यरात्रीच्या सुमारास पाहुण्यांच्या घोडागाड्या परत निघाल्या, ‘गोंद्या आला रे’ ही ठरलेली खूण झाली आणि पुण्याच्या प्लेग समितीचा प्रमुख वॉल्टर चार्ल्स रँड याच्यावर दामोदर हरी चापेकर यांनी गोळी झाडली. बाळकृष्ण यांच्या गोळीने लेफ्टनंट आयर्स्ट ठार झाला. रँड ३ जुलै रोजी मरण पावला. मारणारे दोघे भाऊ गणेशखिंडीपासून दहा-बारा किलोमीटरांवरील चिंचवडचे, एका कीर्तनकाराचे पुत्र. वडिलांच्या कीर्तनात साथ करीत ते गावोगाव हिंडले होते.

म्हणजे गव्हर्नरांच्या घरच्या मेजवानीतून परतणाऱ्या अधिकाऱ्याला ज्यांनी मारले, त्यांची गाथा आज राज्यपालांच्या घराखाली मांडलेली आहे. दालनाचे उद्घाटन झाले तेव्हा त्या रात्रीला १२५ वर्षे पूर्ण होण्यास आठच दिवस उरले होते.

रँडविषयी बोलताना प्लेगविषयी बोलणे टाळता येत नाही. १८९६ मध्ये मुंबईत शिरलेली साथ पुण्यात पोहोचली. फेब्रुवारी १८९७ मध्ये सरकारने साथरोग प्रतिबंधक कायदा केला. हाच कायदा मार्च २०२० मध्ये करोनाच्या वेळी पुन्हा बाहेर काढण्यात आला, हे वाचकांच्या स्मरणात असेल. त्या कायद्याच्या बळावर रँडने सैनिक घरोघर पाठवले. देवघरात आणि स्वयंपाकघरात बूट शिरले, स्त्रियांची तपासणी उघड्यावर झाली, सामान रस्त्यावर काढून जाळले गेले. साथ थांबवण्याचा हेतू खोटा होता असे म्हणता येणार नाही. रोगाचे जंतू १८९४ मध्ये सापडले होते, परंतु ते उंदरांवरील पिसवांमार्फत माणसाला गाठतात हे १८९७ च्या पुण्यात कोणत्याच अधिकाऱ्याला माहीत नव्हते. तेव्हा अंथरुणे जाळली गेली आणि पिसवा राहिल्या. अज्ञान क्षम्य असते. अज्ञानासोबत आलेला उर्मटपणा लोक विसरत नाहीत.

याच सुमारास मुंबईत भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात वाल्डेमार हाफकिन हा शास्त्रज्ञ प्लेगची लस तयार करीत होता. १० जानेवारी १८९७ रोजी त्याने ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये, सँडहर्स्ट यांच्याच कारकिर्दीत, त्याच्या प्रयोगशाळेला परळचे जुने गव्हर्नमेंट हाऊस मिळाले. आजची हाफकिन संस्था ती हीच. परळच्या घरात लस, गणेशखिंडीच्या घरात विद्यापीठ आणि मलबार पॉइंटच्या घराखाली क्रांतिकारकांचे दालन: गव्हर्नरांची तीन घरे, आणि प्लेगच्या त्या एका वर्षाचा धागा तिन्ही घरांतून जातो. ही तिन्ही ठिकाणे एका सहलीत पाहावीत असे कोणी सुचवत नाही, ही आश्चर्याची गोष्ट आहे.

पुढची कथा चिंचवडमध्ये अजून सांगितली जाते. खुन्यांची माहिती देणाऱ्यास सरकारने वीस हजार रुपयांचे बक्षीस जाहीर केले. त्या काळी ही रक्कम केवढी होती, याची कल्पना करावी. द्रविड बंधूंनी माहिती दिली आणि दामोदर पकडले गेले. १८ एप्रिल १८९८ रोजी येरवड्यात त्यांना फाशी झाली. फेब्रुवारी १८९९ मध्ये सर्वांत धाकटे वासुदेव आणि त्यांचे मित्र महादेव रानडे यांनी द्रविड बंधूंना गोळ्या घातल्या. त्यानंतर मे महिन्यात चार दिवसांच्या अंतरात तीन फाशी झाल्या: ८ मे रोजी वासुदेव, १० मे रोजी रानडे, १२ मे रोजी बाळकृष्ण. एका घरातील तीन पुत्र तेरा महिन्यांत गेले. १९७९ साली नचिकेत आणि जयू पटवर्धन यांनी ‘२२ जून १८९७’ हा चित्रपट काढला, त्यामुळे त्या पिढीतील अनेकांना तारीख तरी पाठ झाली.

अहिंसेला परमधर्म मानणाऱ्या घरात हे दालन कसे पाहावे, हा प्रश्न उद्भवतो आणि तो टाळण्यात अर्थ नाही. रँड मेला, तसाच आयर्स्टही मेला. द्रविड बंधू तर आपलेच होते, त्यांनाही घर होते. गोळीने प्लेग हटला नाही. दुसरीकडे, ज्या राजवटीत गाऱ्हाण्याला उत्तर मिळत नाही, तेथील तरुणांनी काय करावे याचा निवाडा सव्वाशे वर्षांनंतर घरात बसून देणे फार सोपे असते. फासावर जाण्याची तयारी ठेवून जो उभा राहतो, त्याच्या धैर्याला नमस्कार करावा. त्याच्या हातातील शस्त्राविषयीचा आपला विचार आपल्यापाशी ठेवावा. नातवंडांना घेऊन जाणाऱ्या आजी-आजोबांनी हे दोन्ही सांगावे. तोफगोळ्यांच्या रिकाम्या खोलीत उभे राहून हा विषय काढणे, घरातल्या दिवाणखान्यापेक्षा सोपे जाते.

जमिनीखालच्या लष्करी जागांचे असे रूपांतर अन्य राजधान्यांतही झालेले आहे. लंडनमध्ये दुसऱ्या महायुद्धातील चर्चिल यांच्या तळघरातील कचेऱ्या १९८४ पासून लोकांसाठी खुल्या आहेत. अल्बानियाची राजधानी तिराना येथे तर ‘बंकआर्ट’ नावाने दोन बंकरांची संग्रहालये झाली. एन्व्हर होजा या हुकूमशहाने त्या चिमुकल्या देशात लाखाहून अधिक बंकर बांधून ठेवले होते. बाहेरून कोणी आक्रमण केले नाही. देशातल्या देशात मात्र गुप्त पोलिसांनी माणसे संपवली. शहराच्या मध्यभागी, गृहखात्याच्या बंकरात, २०१६ पासून त्याच माणसांची नावे आणि कहाण्या मांडलेल्या आहेत. तिरानाचे संग्रहालय भर वस्तीत आहे. येणारा-जाणारा तिकीट काढतो आणि उतरतो. मुंबईच्या तळघराचे तसे नाही, आणि नेमकी तीच त्याची अडचण आहे.

राजभवन हे राज्यपालांचे घर आणि कार्यालय आहे. सुरक्षेचे नियम असणारच. आधी संगणकावरून नोंदणी करावी लागते, ओळखपत्र न्यावे लागते आणि ठरलेल्या वेळीच जावे लागते. हे सारे समजण्यासारखे आहे. परंतु परिणाम असा होतो की ज्याला मुद्दाम जायचे आहे तोच जातो. रस्त्याने चाललेला, सहज डोकावणारा माणूस येथे येऊच शकत नाही. आणि इतिहासाची गोडी पुष्कळदा अशा सहज डोकावण्यातूनच लागते. शाळांच्या सहली येथे नियमाने आणल्या, तर ही उणीव बरीच भरून निघेल. विशेषतः पिंपरी-चिंचवडच्या शाळांच्या.

‘विशेषतः’ म्हणण्याला कारण आहे. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या सतरा लाखांच्या वर गेली होती. आज ती कितीतरी वाढली आहे. भोसरी, चाकण, तळवड्याच्या कारखान्यांसाठी खानदेश, मराठवाडा, विदर्भ, राजस्थान, बिहार अशा सर्व बाजूंनी माणसे आली. आपल्या समाजातीलही अनेक कुटुंबे व्यापारासाठी अशीच येथे स्थिरावली. त्यांच्या दृष्टीने चापेकर चौक म्हणजे बस बदलण्याचे ठिकाण आणि वाहतुकीची कोंडी. मोरया गोसावींच्या समाधिमंदिराला लोक आवर्जून जातात. तेथून जवळच्या चापेकर वाड्यातील स्मारकाकडे वळणारे त्यामानाने कमी. ज्याच्या गावची कथा राजधानीत राज्यपालांच्या घराखाली मांडली गेली, त्याच गावात ती पुसट व्हावी, ही काही अभिमानाची बाब नाही. वास्तविक आधी वाडा पाहावा, मग विद्यापीठाची इमारत, आणि शेवटी मुंबईचे तळघर. या क्रमाने गेल्यास भाऊ घरातून निघाले, खिंडीत थांबले आणि पुढे काय झाले, ते मुलांना पावलापावलाने कळते. थेट मुंबईस गेल्यास भिंतीवरील अनेक चेहऱ्यांपैकी तीन, एवढेच ते उरतात.

पिंपरीच्या वाट्याला या कथेचा आणखी एक तुकडा आला आहे, जो कोणत्याही दालनात नाही. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. पुढे स्ट्रेप्टोमायसिनही होऊ लागले. पेनिसिलिनचा प्लेगवर उपयोग होत नाही, स्ट्रेप्टोमायसिनचा होतो. चापेकरांच्या गावापासून चालत जाण्याच्या अंतरावर, रँडनंतर सात दशकेही उलटली नव्हती तोवर, प्लेग बरा करणारे औषध मोठ्या टाक्यांतून बनत होते आणि ते बनवणारे कामगार सायकलींवरून घरी जात होते. त्या कामगारांची मुले आज साठीच्या घरात आहेत.

मुंबईस जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. दर्शकांना प्रवेश सकाळच्या वेळी मिळतो, त्यामुळे चिंचवडहून पहाटेची गाडी पकडून त्याच दिवशी पोहोचणे जमत नाही. आदल्या दिवशी मुक्कामास जावे. वाळकेश्वरला दर्शन आणि भोजनशाळेची सोय आहेच. राजभवनाच्या आवारात भरपूर चालावे लागते, तेव्हा गुडघ्यांची तक्रार असलेल्यांनी काठी न्यावी व संकोच करू नये. देवीचे एक जुने देऊळ आणि समुद्राच्या कडेला असलेली ‘श्रीगुंडी’ ही भेग पडलेली शिळाही याच परिसरातील. त्या भेगेतून सरपटत पार झाले की पाप धुतले जाते अशी पूर्वापार समजूत होती, आणि त्यासाठी लांबून लोक येत. तळघरात उतरल्यावर घाई करू नये. तोफगोळ्यांचा पाळणा आणि काडतुसांचे कोठार नीट पाहावे आणि मग क्रांतिगाथेकडे वळावे. फडके यांच्यापाशी क्षणभर थांबावे. त्यांना मुंबई इलाख्याच्याच कारभाराखाली असलेल्या एडनच्या तुरुंगात ठेवले होते आणि १८८३ मध्ये तेथेच त्यांचा अंत झाला. त्यांच्यानंतर चिंचवडचे तिघे आहेत. दामोदरांनी आत्मवृत्तात लिहून ठेवले आहे की १८९६ मध्ये मुंबईतील राणीच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासले ते त्यांनीच. तो पुतळा आज भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. परतताना वेळ असल्यास तोही पाहता येतो.